पहिला वायरलेस हेडफोन : खान्देशातील ऊन, धूळ आणि कूलरच्या आवाजात वापरण्यासाठी

हजार-पंधराशे रुपयांचा वायरलेस हेडफोन आता जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तालुक्याच्या गावी सहज मिळतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, जळगाव-भुसावळ अशी रेल्वेने रोज ये-जा करणारे नोकरदार आणि दुपारी ओट्यावर बसून कीर्तन ऐकणारी ज्येष्ठ मंडळी, अशा सर्वांच्या हाती तो आला आहे. या किमतीचा हेडफोन उत्तम सेवा देऊ शकतो, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. मात्र तो दोन-तीन वर्षे टिकेल की पहिल्याच उन्हाळ्यानंतर कपाटात पडून राहील, हे त्याच्या किमतीपेक्षा आपण तो कसा निवडतो आणि मार्च ते जून या काळात कसा सांभाळतो यावर अधिक अवलंबून असते. खोक्यावरील सूचना साऱ्या देशासाठी एकाच छापलेल्या असतात. तापीकाठच्या मे महिन्याचा विचार त्यांत केलेला नसतो. म्हणून खरेदीपासून दुरुस्तीपर्यंतच्या पायऱ्या येथे आपल्या हवामानाच्या हिशेबाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : प्रकार ठरवणे

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकार मिळतात. पूर्ण कान झाकणारा हेडफोन, गळ्यात राहणारा नेकबँड आणि डबीत ठेवायचे सुटे इअरबड्स. दुकानात इअरबड्स आधी पुढे केले जातात, कारण सध्या त्यांचीच चलती आहे. परंतु पहिल्यांदा घेणाऱ्याला मी नेकबँडच सुचवतो. इअरबडमधील बॅटरी साधारण ३० ते ५० मिलीअँपिअर-तास इतकी लहान असते, ती रोज पूर्ण उतरते आणि रोज भरते, त्यामुळे लवकर थकते. नेकबँडमध्ये बहुधा १५० ते २५० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी असते, ती दोन-तीन दिवसांतून एकदा भरावी लागते आणि साहजिकच अधिक काळ चालते. शिवाय बसमध्ये चढताना किंवा शेतात वाकून काम करताना इअरबड निसटला, तर काळ्या मातीत तो पुन्हा सापडणे कठीण असते. नेकबँड कानातून निघाला तरी गळ्यातच राहतो.

पूर्ण कान झाकणारा हेडफोन घरी बसून अभ्यास करणाऱ्यांना आणि तासन्तास ऐकणाऱ्यांना सोयीचा असतो, कारण त्याचा दाब कानाच्या आत पडत नाही. पण एप्रिलपासून त्याच्या गादीखाली कान घामाने ओले होतात आणि गादीवरचे कृत्रिम चामडे घाम व उष्णता यांमुळे वर्षा-दीड वर्षात सोलू लागते. पंखा किंवा कूलर असलेल्या खोलीतच वापरायचा असेल, तर तो जरूर घ्यावा. मात्र त्याच्या गाद्या वेगळ्या विकत मिळतात का आणि ३.५ मिलीमीटरची वायर जोडण्यासाठी जागा आहे का, हे आधी विचारावे. अशी जागा असेल, तर बॅटरी संपल्यावरही तो वायरीने ऐकता येतो. अशा वेळी त्याचा माइक सहसा चालत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी : खोके वाचणे

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत बॅटरीचे तास लिहिलेले असतात. हे तास मध्यम आवाजावर, म्हणजे साधारण निम्म्यावर ठेवून मोजलेले असतात, त्यामुळे मोठ्या आवाजात ऐकणाऱ्याला तेवढे मिळत नाहीत. 'वीस हर्ट्झ ते वीस किलोहर्ट्झ' हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो आणि त्यावरून आवाजाच्या दर्जाविषयी काहीच कळत नाही. ड्रायव्हरचा, म्हणजे आतील छोट्या स्पीकरचा, आकार मोठा असला की आवाज चांगला असतो, हाही गैरसमजच आहे. ब्लूटूथची आवृत्ती ५.० किंवा तिच्या पुढची असावी, एवढे पुरे, ५.० ही आवृत्ती २०१६ मध्येच जाहीर झाली, त्यामुळे आज त्याहून जुने काही घेण्याचे कारण उरलेले नाही.

दोन संक्षेपांचा मात्र फार गोंधळ होतो, म्हणून ते नीट समजून घ्यावेत. 'एएनसी' असलेला हेडफोन बाहेरच्या आवाजाच्या लहरी माइकने टिपून त्यांच्या नेमक्या उलट लहरी आपल्या कानात सोडतो आणि त्यामुळे आपल्याला बाहेरचा आवाज कमी ऐकू येतो. 'ईएनसी' ही सोय मात्र फोनवर बोलताना समोरच्या माणसाला आपल्याभोवतीचा गोंगाट कमी ऐकू जावा यासाठी असते. तिने आपल्या कानाला शांतता मिळत नाही. खोक्यावर 'नॉइज कॅन्सलेशन' एवढेच मोठे लिहून खाली बारीक अक्षरांत 'ईएनसी' छापलेले अनेकदा आढळते. एएनसीचा खरा उपयोग एकसुरी, खालच्या पट्टीतील आवाजावर होतो, उदाहरणार्थ कूलरची घरघर किंवा रेल्वेच्या डब्यातील धडधड. शेजारच्यांचे बोलणे किंवा गाडीचा हॉर्न त्याने फारसा अडत नाही. हजार रुपयांच्या आतील हेडफोनमध्ये एएनसी असली तरी तिचा जोर बेताचाच असतो, म्हणून केवळ तिच्यासाठी तीन-चारशे रुपये जास्त मोजू नयेत.

पाण्यापासून संरक्षणासाठी 'आयपीएक्स४' किंवा 'आयपीएक्स५' असे लिहिलेले असते. यातील शेवटचा अंक पाण्याविषयी आहे. धुळीविषयीचा अंक त्याच्या आधी यायला हवा आणि तेथे 'एक्स' असेल, तर धुळीच्या चाचणीविषयी कंपनीने काहीच सांगितलेले नाही असा त्याचा अर्थ होतो. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांनी, मोटारसायकलवर फिरणाऱ्यांनी आणि उन्हाळी वावटळींच्या गावी राहणाऱ्यांनी शक्य असल्यास 'आयपी५५' असे दोन्ही अंक असलेला हेडफोन पाहावा.

वायरलेस हेडफोनसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर किंवा हेडफोनवर मानकचिन्हासोबत 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ऍपमध्ये तो टाकल्यास नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे तत्काळ दिसते. आठवडे बाजारात किंवा रेल्वे स्थानकाबाहेर चारशे रुपयांना मिळणारे नामांकित कंपन्यांचे इअरबड्स बहुधा नकली असतात आणि त्यांच्यातील बॅटरीची खात्री कोणीच देत नाही. कानाला लागून बसणाऱ्या वस्तूत लिथियम बॅटरी असते, ही बाब हलकी मानू नये.

तिसरी पायरी : दुकानातच पारख करणे

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा आपल्या गावातील ओळखीच्या मोबाइल दुकानात प्रत्यक्ष हाताळून खरेदी करण्याचा मोठा फायदा असा, की तो कानात कसा बसतो हे तेथेच कळते. नेकबँड आणि इअरबड्सच्या खोक्यात सिलिकॉनच्या टोप्या सहसा तीन मापांच्या येतात आणि यंत्रावर आधीच बसवलेली टोपी मधल्या मापाची असते. बहुतेक लोक तीच कायम ठेवतात आणि मग 'बेस नाही, आवाज पातळ आहे' अशी तक्रार करतात. एका हाताने कानाची पाळी वरच्या बाजूने हलकेच मागे ओढावी, दुसऱ्या हाताने टोपी आत सरकवून किंचित फिरवावी आणि पाळी सोडून द्यावी. टोपी योग्य मापाची असेल, तर बाहेरचा आवाज त्या क्षणी दबतो आणि आपले स्वतःचे बोलणे डोक्यात घुमल्यासारखे वाटते. तसे न झाल्यास दुसरे माप लावून पाहावे. दोन्ही कानांची मापे वेगळी असू शकतात, त्यात काही वावगे नाही.

त्यानंतर आपल्याच फोनवर एखादे ओळखीचे गाणे आणि एखादे व्याख्यान ऐकावे, कारण ज्याचा आवाज आपल्याला परिचित आहे त्यातील दोष लगेच लक्षात येतो. दुकानदारासमोर एक फोन लावून पलीकडच्या माणसाला आपले बोलणे स्पष्ट येते का, हे विचारावे. पक्के बिल घ्यावे, त्यावर तारीख आणि मॉडेलचे नाव असल्याची खात्री करावी आणि बिघाड झाल्यास वस्तू दुकानात द्यायची, सेवा केंद्रात न्यायची की कुरिअरने पाठवायची, हे तेव्हाच विचारून घ्यावे. सेवा केंद्र फक्त नाशिक किंवा पुण्याला असेल, तर शिरपूर-शहाद्याच्या ग्राहकाला ती वॉरंटी वापरणे जड जाते.

चौथी पायरी : फोनशी जोडणी

नवा हेडफोन प्रथम पूर्ण चार्ज करावा. मग तो सुरू करण्याचे बटण पाच ते सात सेकंद दाबून ठेवल्यावर त्यावरील दिवा दोन रंगांत किंवा भराभर लुकलुकू लागतो. याचा अर्थ तो जोडणीसाठी तयार आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ सुरू करून 'नवीन उपकरण जोडा' हा पर्याय निवडावा आणि यादीत हेडफोनचे नाव दिसताच त्यावर बोट ठेवावे. फोनने कॉल आणि संपर्कांची परवानगी मागितल्यास कॉलची परवानगी द्यावी. संपर्कांची दिली नाही तरी फारसे अडत नाही. ही जोडणी एकदाच करायची असते, पुढे हेडफोन सुरू करताच तो फोनला आपोआप जोडला जातो.

याच सोयीमुळे घरात एक अडचण वारंवार उद्भवते. आईने हेडफोन सुरू करावा आणि तो आतल्या खोलीतील मुलाच्या फोनला जाऊन जोडला जावा, असे होते. अशा वेळी मुलाच्या फोनमध्ये हेडफोनच्या नावापुढील चिन्हावर जाऊन 'विसरा' हा पर्याय निवडावा. तरीही जोडणी होत नसेल, तर दोन्ही फोनांमधून नाव काढून टाकावे आणि माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे हेडफोन रीसेट करून नव्याने जोडावा. 'जोडला जात नाही' या बहुसंख्य तक्रारी एवढ्याने मिटतात.

आवाज मध्येच तुटत असल्यास फोन कोठे ठेवला आहे ते पाहावे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि माणसाच्या शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. पॅंटच्या मागच्या खिशात फोन असेल, तर हेडफोन आणि फोन यांच्यामध्ये आपलेच शरीर येते. घरात भिंतींवरून लहरी परततात म्हणून ते जाणवत नाही, परंतु मोकळ्या शेतात आवाज तुटू लागतो. फोन शर्टाच्या खिशात ठेवल्यास बहुधा सुधारणा होते. गर्दीच्या फलाटावर अनेकांचे ब्लूटूथ आणि वाय-फाय त्याच पट्ट्यात चालू असल्याने तेथे थोडा व्यत्यय येणारच.

आकाशवाणीच्या श्रोत्यांसाठी येथे एक सूचना आवश्यक आहे. मोबाइलमधील एफएम रेडिओ बहुतेक फोनांत वायरच्या हेडफोनलाच अँटेना म्हणून वापरतो, त्यामुळे केवळ वायरलेस हेडफोन लावून तो चालत नाही. ज्यांना सकाळचे कार्यक्रम ऐकण्याची सवय आहे, त्यांनी जुना वायरचा हेडफोन टाकून देऊ नये. इंटरनेट असेल तर 'न्यूजऑनएअर' या ऍपवर आकाशवाणीची अनेक केंद्रे ऐकता येतात.

पाचवी पायरी : कॉल आणि ऑनलाइन वर्ग

गाणे ऐकताना सुरेख वाटणारा हेडफोन ऑनलाइन वर्गात एकदम जुन्या टेलिफोनसारखा वाजू लागला, की विद्यार्थी घाबरतात. यात बिघाड नसतो. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये ऐकण्यासाठी एक पद्धत आणि ऐकणे-बोलणे एकाच वेळी करण्यासाठी दुसरी पद्धत वापरली जाते, आणि या दुसऱ्या पद्धतीत ध्वनीचा दर्जा बराच खाली येतो. विंडोजच्या अनेक संगणकांवर एकाच हेडफोनची 'स्टीरिओ' आणि 'हँड्सफ्री' अशी दोन नावे दिसतात, ती यामुळेच. उपाय सोपा आहे. आवाजासाठी हेडफोन निवडावा आणि माइकसाठी संगणकाचा स्वतःचा माइक निवडावा; शिकवणाऱ्यांचा आवाज पुन्हा स्वच्छ येतो.

ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोहोचतो. व्हिडिओ दाखवणारी बहुतेक ऍप्स चित्र तेवढेच मागे ठेवून मेळ साधतात, परंतु खेळांमध्ये तो उशीर जाणवतो. हेडफोनमध्ये 'गेम मोड' असल्यास तो कमी होतो.

सहावी पायरी : चार्जिंग आणि उन्हाळा

आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. लिथियम बॅटरी चार्ज करण्यासाठी साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा सांगितली जाते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या छताखालील खोलीत दुपारी त्याहूनही अधिक तापते. चार्ज होताना बॅटरी स्वतःही थोडी गरम होते, म्हणजे दुपारी दोन वाजता त्या खोलीत लावलेला हेडफोन मर्यादा ओलांडलेलाच असतो. उष्णतेने बॅटरीतील नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, तिची साठवणक्षमता कायमची घटते आणि क्वचित ती फुगते. म्हणून एप्रिल ते जूनमध्ये हेडफोन पहाटे किंवा रात्री उशिरा चार्ज करावा. कूलरच्या खोलीत करणे चांगले, मात्र कूलरच्या दमट झोतासमोर ठेवू नये.

त्याहून अधिक नुकसान मोटारसायकलच्या डिकीत आणि उन्हात उभ्या असलेल्या चारचाकीच्या डॅशबोर्डवर होते, कारण तेथील तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर चढते. बाजार समितीत किंवा कचेरीत जाताना हेडफोन गाडीत न ठेवता कापडी पिशवीत सोबत न्यावा. उन्हातून घरी आल्यावर तो लगेच चार्जिंगला लावू नये. अर्धा तास सावलीत थंड होऊ द्यावा. बॅटरी पूर्ण उतरू न देणे आणि शक्य तेव्हा २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे हिताचे असते. काही महिने वापरायचा नसेल, तर निम्मी चार्ज करून घरातील सर्वांत थंड जागी ठेवावी.

नेकबँडच्या दोन्ही टोकांना जाड भाग असतो आणि त्यांपैकी एकात बॅटरी असते. महिन्यातून एकदा त्या भागाच्या कडेवरून नख फिरवून पाहावे. पूर्वी सपाट असलेला सांधा उघडा पडला असेल, तेथे केसाएवढी फट दिसत असेल किंवा वरचे बटण दाबताना आधीसारखे खाली जात नसेल, तर आतील बॅटरी फुगली आहे असे समजावे. असा हेडफोन पुन्हा चार्ज करू नये, दाबून सांधा बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि टोचून पाहू तर मुळीच नये.

केबलविषयी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. काही स्वस्त हेडफोन दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. समोर चार्ज होणारे यंत्र आहे हे नव्या चार्जरला कळवण्यासाठी हेडफोनमध्ये दोन बारीक रोधक लागतात, ते खर्च वाचवण्यासाठी गाळलेले असतात आणि मग चार्जर वीजच सोडत नाही. हेडफोन 'मेला' असे समजून दुरुस्तीला नेण्यापूर्वी एका टोकाला जुने चपटे चौकोनी यूएसबी असलेली, खोक्यातली केबल साध्या चार्जरला लावून पाहावी.

सातवी पायरी : आवाजाची मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. ही मर्यादा वरवर उदार दिसते, परंतु आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला ती आठवड्याला सुमारे ४ तास उरते. फोनवरचा आवाज ६० टक्क्यांच्या आत ठेवणे हा व्यवहारात पाळता येण्याजोगा नियम आहे. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची आहे, म्हणून त्यांच्या फोनमध्ये कमाल आवाजाची सेटिंग आपणच लावून द्यावी.

आपल्याकडे खरा धोका कूलरमुळे निर्माण होतो. कूलरच्या आवाजावर मात करण्यासाठी आपण नकळत फोनचा आवाज वाढवतो, कानाला सवय होते आणि मध्यरात्री कूलर बंद झाल्यावरही तो तसाच राहतो. योग्य मापाची टोपी लावल्यास बाहेरचा आवाज मुळातच कमी येतो आणि आवाज वाढवण्याची गरज उरत नाही. टोपीच्या मापाचा मी वर इतका आग्रह धरला तो यासाठीही. ऐकणे संपल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर काही दिवस हेडफोन बाजूला ठेवावा आणि तो थांबत नसल्यास कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

धुळे-जळगाव राष्ट्रीय महामार्ग ५३ वर दुचाकी चालवताना, रेल्वे रूळ ओलांडताना आणि रात्री शेतात पाणी भरायला गेल्यावर दोन्ही कान मोकळे असलेच पाहिजेत. रात्रीच्या शेतात जनावराची चाहूल आधी कानालाच लागते.

आठवी पायरी : सफाई, पाणी आणि दुरुस्ती

सिलिकॉनच्या टोप्या आठवड्यातून एकदा काढून कोमट साबणपाण्यात धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच बसवाव्यात. आतील जाळीवर मळ साचला की एका बाजूचा आवाज कमी होतो आणि लोक स्पीकर बिघडला असे समजतात. जाळी खाली धरून मऊ, कोरड्या टूथब्रशने हलकेच झाडावी, टाचणी कधीही घालू नये. घामाचे क्षार चार्जिंगच्या पिनांवर बसतात, म्हणून त्या कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात.

पावसात भिजल्यास हेडफोन बंद करून, पुसून, सावलीत वाऱ्यावर किमान एक दिवस ठेवावा आणि तोपर्यंत चार्जिंगला लावू नये. तांदळात पुरण्याने फारसे साधत नाही, उलट पीठ आणि कण भोकांत जातात.

वॉरंटीच्या काळात बाहेरच्या कारागिराकडून उघडून घेऊ नये. विक्रेता किंवा कंपनी रास्त तक्रारीची दखल घेत नसेल, तर बिलाची प्रत जवळ ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. वॉरंटी संपल्यावर नेकबँडची वायर तुटणे किंवा हेडफोनची गादी फाटणे यांसाठी स्थानिक कारागीर पुरेसा असतो. बॅटरी बदलताना मात्र त्याच क्षमतेची आणि संरक्षक पट्टी (जादा चार्जिंगपासून वाचवणारे छोटे सर्किट) असलेली बॅटरी बसवली जाते का, हे समोर उभे राहून पाहावे.

कायमचा निकामी झालेला हेडफोन घंटागाडीत टाकू नये आणि शेताच्या बांधावर कचऱ्याबरोबर जाळू तर नयेच, कारण त्यातील बॅटरी भडकते. तो कोरड्या डब्यात वेगळा ठेवून ई-कचरा संकलन होते तेव्हा द्यावा, किंवा ज्या कंपनीचा आहे तिच्या सेवा केंद्रात परत घेतात का, हे विचारून तेथे जमा करावा.